चौथी केबिन

१० नोव्हेंबर

कोलकात्याच्या मराठी मंडळाचा दिवाळी फराळ. चकल्या मऊ, चिवड्याला खवट वास, आणि श्यामकांतचं भाषण या दोन्हींवर कडी! बँकेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, मंडळाचा अध्यक्ष होऊन चार, तरी माणूस बोलतो असा की समोर बसलेले सगळे कर्ज मागायलाच आलेत.

तरी मुद्दाम त्याच्याच शेजारी बसलो. काम होतं माझं. करंजी मोडता मोडता सहज म्हटल्यासारखं म्हटलं — अंदमानात शिडाची बोट भाड्याने मिळते म्हणे. चार केबिन, आठ माणसं, कप्तान आणि स्वयंपाकी त्यांचेच. आठवडाभर या बेटावरून त्या बेटावर हिंडायचं. फेब्रुवारीत जमवू या का?

फोनवर फोटो दाखवला. पाच मिनिटांत त्या एवढ्याशा फोटोवर आठ डोकी, आणि फराळाची तुपकट बोटं माझ्या फोनवर. शी!

पण लागले गळाला. परत येताना गाडीत अनुराधा म्हणाली, "हावड्याला फेरीबोटीने जा म्हटलं तर तुम्ही पुलावरून वळसा घालून जाता. शिडाची बोट कुठून आली मध्येच?" मी म्हटलं, "हौस." ती खिडकीबाहेर बघत बसली.

११ नोव्हेंबर

इथे खरं लिहायला हरकत नाही.

भाऊबीजेला सरलामावशी जेवायला होत्या. माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत. त्र्याऐंशी साली इचलकरंजीहून टर्नरचा दाखला घेऊन हावड्याला लेथवर लागलो, तेव्हा भवानीपुरात त्या आमच्यासारख्या तीन-चार एकट्या मराठी पोरांना जेवायला घालत. नवरा नुकताच गेलेला, त्या तार ऑफिसात कारकून. मोजून चार पोळ्या, आमटी मात्र हवी तेवढी. आज माझा स्वतःचा कारखाना आहे, चाळीस माणसं आहेत. पण मावशी माझ्याकडून काडी घेत नाहीत. एकदा फ्रिज पाठवला, तर दुसऱ्या दिवशी त्याच टेम्पोने परत!

माझे कान तिखट. ऑफिसात बसून सांगतो कुठल्या लेथवरचं टूल बोथट झालंय ते. तर भाऊबीजेला मी बैठकीच्या खोलीत पेपर धरून बसलेलो, आणि त्या दोघी स्वयंपाकघरात. मावशी अनुराधाला सांगत होत्या. लग्नानंतरची चार-पाच वर्षं त्या अंदमानात होत्या, लाँग आयलंड म्हणून एवढंसं बेट आहे तिथे. नवरा वायरलेसवर.

"दोन वर्षांची होती गं. तीन दिवस ताप, बास. एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. हे आणि ऑफिसातला एक तेलुगू शिपाई घेऊन गेले. बायकांनी जायचं नसतं ना, मी आपली दारात. आल्यावर हे एवढंच म्हणाले — जेट्टीपासून उजवीकडे, समुद्राकडे तोंड करून. पुढच्या महिन्यात बदली झाली. नंतर कधी मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही."

अनुराधाने विचारलं, नाव काय होतं तिचं?

तेवढ्यात कोणीतरी नळ सोडला. नाव मला ऐकू आलं नाही.

मग मावशी — "एकदा तिथे जाऊन उभं राहायचं होतं. एक्क्याऐंशी झाली मला. आता कसली जाते!"

जागा काय सापडणार पंचावन्न वर्षांनी? पण उजवीकडे म्हणजे उजवीकडे. तेवढं तरी दाखवता येईल. नुसतं तिकीट काढून दिलं तर फ्रिजसारखं परत येईल. म्हणून ही सहल! सगळ्यांच्या गर्दीत त्यांना ओढून न्यायचं, एक दुपार बोट लाँग आयलंडला लावायची, आणि आपण दुसरीकडे बघत उभं राहायचं. हे कोणालाही सांगायचं नाही. मावशींना नाही, अनुराधालाही नाही. मी ऐकलंय हेच मुळात कोणाला कळता कामा नये.

(फोटोतली बोट मलाही आवडली आहे. तेही खरं.)

१४ नोव्हेंबर

आज मावशींकडे गेलो. वाटाणे सोलत बसल्या होत्या. म्हटलं, "बोटीवरचा स्वयंपाकी बंगाली आहे. आमटीत साखर घालणार तो! देखरेखीला कोणीतरी पाहिजे."

"म्हणजे मला कामाला नेतोस होय रे?"

"हो."

"मग येते. नुसतं बसवून ठेवणार असलास तर नाही."

मग विचारलं, बोट कुठे कुठे थांबते. मी बेटांची नावं भराभर घेतली, लाँग आयलंड मध्येच कुठेतरी दडपून. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "बरं," म्हणाल्या, आणि पुढची शेंग उचलली.

लेका, काय बेत जमवलास मनोहर!

१९ नोव्हेंबर

श्यामकांतने व्हॉट्सॲप ग्रुप काढला. "शिडात वारा". एका दिवसात एकशे बेचाळीस मेसेज. वारा कसला, गॅस आहे हा सगळा!

यादी अशी. मी आणि अनुराधा. श्यामकांत आणि त्याची बायको गौरी. न्यू टाउनचा कौस्तुभ आणि त्याची बायको चैत्राली, दोघंही कॉम्प्युटरवाले. चौथ्या केबिनमध्ये सरलामावशी, आणि त्यांच्या सोबतीला कोणी बाई मिळाली तर बघू.

गौरीचा प्रश्न — बोटीवर शाकाहाराला वेगळी कढई असेल ना? त्याच कढईत मासा तळला तर तिला मळमळतं. बाई, गेल्या महिन्यात पार्क स्ट्रीटला तू कोळंबीची शेपटी चोखत होतीस ती मी पाहिली आहे! पाठीमागच्याच टेबलावर होतो. चोखण्याचा आवाजही ऐकला.

चैत्राली — सगळ्यांनी पांढरं आणि निळं घालायचं, म्हणजे फोटो "एकसंध" दिसतील. बोटीवरून ड्रोन उडवायचा. कौस्तुभने तक्ता पाठवला आहे, त्यात गेल्या दहा वर्षांचा वारा. श्यामकांतने सहलीची समिती नेमली! आठ जागांची बोट, आणि त्यात अध्यक्ष, चिटणीस, आहारप्रमुख. मराठी माणसं चार जमली की आधी समिती, मग मतभेद, मग सहल झालीच तर झाली.

मावशी ग्रुपमध्ये आहेत. अजून एक शब्दही लिहिलेला नाही.

२४ नोव्हेंबर

श्यामकांतच्या घरी बैठक. बाविसावा मजला, खिडक्या बंद, खोलीत रूम फ्रेशनर आणि कालचा रस्सा यांचा मिळून एक वास. आहारप्रमुख गौरीने यादी वाचली. भडंग सात किलो, दशम्या, मेतकूट, लसणाची चटणी दोन बरण्या, राइस कुकर. निळ्याशार समुद्रात जाऊन ही मंडळी मेतकूट भात खाणार!

मग मुद्द्याला आली. "भावजी, चौथी केबिन रिकामीच आहे ना? पुण्याची माझी बहीण आणि मंदार यायचं म्हणताहेत."

"रिकामी कशी? सरलामावशी आहेत."

"अहो हो, पण त्या एकट्याच ना. जोडी असली की केबिन सार्थकी लागते."

सार्थकी! मी अनुराधाकडे पाहिलं. ती चहाच्या कपावरची साय चमच्याने काढत होती.

श्यामकांत खाकरला. "मनोहरराव, भावना वेगळी, नियोजन वेगळं. मावशींचा आदर आहेच. पण पंचाहत्तरीच्या पुढच्या व्यक्तीला डॉक्टरचा दाखला लागावा असा आपण ठराव करू."

"बोटवाल्याने मागितलाय दाखला?"

"त्याने नाही मागितला. म्हणून तर आपण मागायचा."

ही बँक! बेत मोडायचा असला तर नाही म्हणत नाहीत, एक कागद वाढवतात. मी हसून म्हटलं, आणतो. कारखाना काय हसण्यावर उभा केलाय मी? पण हसावं लागतं.

१ डिसेंबर

आजचा दिवस कायम लक्षात राहील.

श्यामकांतची कल्पना — सफरीची "रंगीत तालीम". प्रिन्सेप घाटावरून एक लाकडी नाव तासभर भाड्याने घेतली. नावाडी म्हातारा, लुंगीतला, आम्हाला बघूनच त्याला कळलं असावं. काठाशी चिखलात मूर्तींचे पेंढ्याचे सांगाडे रुतलेले, त्याला अडकलेली झेंडूची सडकी माळ, प्लॅस्टिक, आणि कशाचं तरी फुगलेलं पोट. मी नीट पाहिलं नाही.

श्यामकांत कप्तानाची टोपी घालून आलेला. येताना कचोरी आणि आलूर दम हाणलेला. नदीच्या मध्यावर एक मोठी बार्ज शेजारून गेली, नाव दोनदा हलली, आणि आमचे अध्यक्ष उभे राहून वाऱ्याच्या तोंडावर ओकले! सगळं उलटं आत. गौरीच्या शालीवर, आणि कौस्तुभवर. वाऱ्याचा दहा वर्षांचा तक्ता करणारा हा माणूस नेमका तिथेच बसला होता.

चैत्राली किंचाळली. गौरी "अहो, अहो" करत राहिली. मी नाक दाबून धरलं.

मावशी नावेच्या टोकाला, पदर खोचून, एक हात काठावर आणि दुसऱ्या हातात झालमुडीची पुडी. शांतपणे खात होत्या. नाव हलली की त्याही तेवढ्याच हलत. नावाडी त्यांच्याकडे बघून म्हणाला, "मासीमा जलेर मानुष." मासीमा पाण्याच्या माणूस आहेत. मावशी म्हणाल्या, "छिलाम." होते.

घाटावर उतरल्यावर गौरी शाल पुसत चैत्रालीला म्हणाली — आवाज फारसा खाली न आणता — "आपलं इथे हे होतंय, तर भर समुद्रात यांचं काय होईल? आणि काही झालंच तर परत आणायचं कसं?"

परत आणायचं! प्रेताबद्दल बोलतात तसं. मावशी दोन पावलं पुढे होत्या. त्यांचा चावायचा थांबलेला जबडा मी पाहिला. मग पुन्हा चालू झाला.

ओकला कोण, आणि दाखला कोणाचा पाहिजे? थू!

२ डिसेंबर

शर्ट दोनदा धुतला. वास गेला नाही. टाकून दिला.

७ डिसेंबर

डॉक्टर सान्यालांकडे मावशींना घेऊन गेलो. छाती ऐकली, गुडघे वाकवून पाहिले, जिना चढायला लावला. म्हणाले, "मासीमा, आपनी तो आमार चेये भालो आछेन!" माझ्यापेक्षा तुम्ही बऱ्या आहात. दाखला दिला. जाता जाता माझंही बीपी बघितलं आणि भुवया वर केल्या. त्याबद्दल इथे लिहीत नाही.

रिक्षात मावशी म्हणाल्या, "एवढा आटापिटा कशाला करतोस रे? नको असेन त्यांना तर राहू दे."

"मला आमटीत साखर चालत नाही."

"खोटारड्या," म्हणाल्या. हसल्या नाहीत.

दाखल्याचा फोटो ग्रुपवर टाकला. चार अंगठे आले. गौरीचा नाही.

१५ डिसेंबर

आता या लोकांनी समुद्रच बदलला!

पुण्याचा मंदार, ज्याला अजून जागाच नाही, ग्रुपमध्ये येऊन बसला आहे. काल त्याने लिहिलं, "अंदमान काय, एलटीसीवाले जातात. त्याच बजेटमध्ये फुकेत होतं. बोट मोठी, पाच केबिनची. म्हणजे मावशींचाही प्रश्न सुटला."

एलटीसीवाले! श्यामकांत स्वतः बँकेच्या जिवावर दोनदा अंदमानला जाऊन आला आहे. आता म्हणतो, "रिपीट नको."

मावशींचा प्रश्न सुटला म्हणे. मावशींना थायलंडच्या बेटावर जेट्टीपासून उजवीकडे काय दाखवू? मसाजची दुकानं?

कौस्तुभने मतदान ठेवलं. फुकेतला पाच, अंदमानला एक. तो एक मी. मावशींनी मत दिलं नाही. अनुराधानेही नाही! जेवताना विचारलं, तर म्हणाली, "माझं मत विचारलं होतं का कोणी? बटण दाबायला सांगितलं होतं." आता ही आणखी काय म्हणते! मी लक्ष दिलं नाही. डोक्यात फुकेत घोंघावत होतं.

बोटवाल्या एजंटला फोन केला, दोन दिवस थांब म्हटलं. तो म्हणाला, "दादा, कोनो चिंता नेई." ज्याला कसलीच चिंता नाही त्याच्या आवाजाचासुद्धा आज संताप आला.

१७ डिसेंबर

कौस्तुभला गाठलं त्याच्या ऑफिसखाली. बरा मुलगा आहे, बायकोच्या धाकात. म्हटलं, तू मत फिरव, मी दुसरी दोन फिरवतो; लाँग आयलंडचा थांबा तेवढा राहिला पाहिजे. "काका, ॲक्च्युअली मला दोन्ही चालेल. पण तुम्हाला लाँग आयलंडच का पाहिजे? तिकडे तर नेटवर्कसुद्धा नाही."

काय सांगू? म्हटलं, म्हणूनच.

त्याला ते विनोदी वाटलं. ग्रुपवर टाकलं सुद्धा.

२१ डिसेंबर

केली. शेवटी मीच घाण केली.

सकाळी श्यामकांतचा फोन. गोड आवाज, कर्ज नाकारताना काढतात तसा. "मनोहरराव, वाईट वाटून घेऊ नका, पण लोक विचारताहेत. त्या एजंटशी तुमचा काही संबंध आहे का? नाही, म्हणजे तुम्ही धंद्यातली माणसं. काही टक्केवारी वगैरे असेल तर मोकळेपणी सांगा. आम्ही समजू शकतो."

टक्केवारी! बेचाळीस वर्षं या शहरात घाम गाळला, लेथचा भुसा डोळ्यांत घेतला, आणि हा पेन्शनर मला एका बोटवाल्याचा दलाल ठरवतो! कानशिलं तापली. बोलायला नको होतं. फोन ठेवून द्यायला हवा होता. मी रोज चाळीस माणसांना सांगतो, मशीन गरम झालं की आधी बंद करा.

बोललो. सगळं बोललो. मुलीचं, तापाचं, जेट्टीपासून उजवीकडे, सगळं. त्याला गप्प करायला. आणि तो झालाही गप्प! क्षणभर मला बरंसुद्धा वाटलं. हे लिहायलाच हवं, की बरं वाटलं.

मग तो म्हणाला, "अरेरे. मला आधी का नाही सांगितलंत?" आवाज खरोखर भरून आला होता. त्याच आवाजाने मला घाबरवलं. म्हटलं, "हे तुमच्यात राहू द्या, श्यामराव."

"छे छे! विश्वास ठेवा."

२२ डिसेंबर

विश्वास चोवीस तासही टिकला नाही. नवा ग्रुप. नाव — "सरलामावशींसाठी". मावशी सोडून सगळे त्यात.

गौरीने रडके चेहरे टाकलेत, एका ओळीत अकरा. मंदारने पुण्याहून लिहिलंय की ते दोघं "या पवित्र कार्यासाठी" आपली जागा सोडत आहेत. कधी होती तुझी जागा? फुकेत रद्द. अंदमान नक्की. लाँग आयलंड नक्की. चौथी केबिन सरलामावशींची, एकमताने.

जे जे पाहिजे होतं ते सगळं मिळालं. आणि हात लावायची इच्छा होत नाही. कोणीतरी आधी चाटून ठेवल्यासारखं.

२५ डिसेंबर

पुढचं ऐका. म्हणजे वाचा. म्हणजे कोण वाचणार, मीच.

श्यामकांत जेट्टीवर दोन शब्द बोलणार. पुष्पचक्र कोलकात्याहून नेणार, बर्फाच्या पेटीत. भडंगाच्या शेजारी! एक छोटी संगमरवरी पाटी, खाली मंडळाचं नाव. ती कुठे बसवायची? "अंदाजे जागेवर." चैत्राली सगळ्याचं चित्रण करणार, आणि ड्रोन वरून घेणार, "म्हणजे मावशी एकट्या समुद्राकडे बघताहेत असा शॉट." कपडे आता निळे-पांढरे नाहीत, फक्त पांढरे. वार्षिक अहवालात चार रंगीत पानं.

आणि गौरीचा प्रश्न — "बाळाचं नाव काय होतं? पाटीवर लागेल. भावजी, तुम्हाला माहीत असेलच."

नाही माहीत. देवाची कृपा, नळ चालू होता.

दुपारी अनुराधाने माझ्या हातातून फोन घेतला, सगळं वर-खाली वाचलं. मला वाटलं आता भडका उडणार. तिने फोन परत टेबलावर ठेवला, पालथा. "तुम्ही ऐकलंत त्या दिवशी," म्हणाली. बास. आणि कपडे वाळत घालायला गेली. ओल्या चादरीचा झटकल्याचा आवाज आला — फाट्! फाट्! गरजेपेक्षा दोन वेळा जास्त.

२८ डिसेंबर

मावशींकडे गेलो. जायचं धाडस चार दिवस झालं नव्हतं.

गौरी आणि चैत्राली कालच जाऊन आल्या होत्या. पेढ्यांचा बॉक्स तसाच टेबलावर, दोरीसुद्धा सोडलेली नाही. माझी तयारी होती — शिव्या खायची, झाडू खायची. मावशी म्हणाल्या, "बस. चहा टाकते."

चहा झाला. दोघांनी प्यायला. फुर्र आवाज फक्त माझा.

मग त्या म्हणाल्या, "मिठ्या मारून गेल्या रे दोघी. एकीमागून एक. अंगाला अजून त्यांच्या अत्तराचा वास येतोय, दोनदा आंघोळ केली तरी." आणि दंड नाकाशी नेऊन हुंगला.

मी म्हटलं, मावशी, मी —

"चैत्राली विचारत होती, त्या वेळी मी कुठली साडी नेसले होते ते आठवतं का. तशी मिळाली तर बरं, म्हणे."

आयुष्यात एवढी किळस कशाची आली नव्हती. आणि त्यात कोणाची किती ते वेगळं करता येईना. श्यामकांतने बोभाटा केला खरा. पण त्याला दिलं कोणी? भिंतीआडून चोरून ऐकलेलं, जपून ठेवलेलं, आणि टक्केवारीच्या एका शब्दावर भिरकावलेलं. त्यांनी पंचावन्न वर्षं सांभाळलं. मी सात आठवडे.

दारापर्यंत सोडायला आल्या. "तू वाईट नाहीस रे," म्हणाल्या. "पण तुला सगळं हलवायला लागतं."

ते पेढे घेऊन जा म्हणाल्या. फाटकाबाहेरच्या कुत्र्यांना घातले.

३१ डिसेंबर

बोट रद्द केली. एजंटला मीच फोन केला. दोन्ही ग्रुपवर लिहिलं, "माझ्या तब्येतीमुळे सफर रद्द. कोणीही मावशींना फोन करू नये." श्यामकांतने लिहिलं, "काळजी घ्या. कार्य थांबणार नाही, समिती पर्याय शोधेल."

कार्य! दोन्ही ग्रुप सोडले. "मनोहर बाहेर पडले" अशी ओळ येते ना त्यावर, ती दोनदा वाचली. बरी वाटली.

पण मावशी तिथेच आहेत, भवानीपुरात, दुसऱ्या मजल्यावर. एक्क्याऐंशी. आता तर त्यांना कोणी समुद्राचं नावही काढू देणार नाही. मी तर नाहीच. माझ्या तोंडून अंदमान हा शब्द निघाला तर त्यांना माझाच वास येईल.

३ जानेवारी

कारखान्यात गेलो. तीन नंबरच्या लेथचा आवाज खराब येतोय म्हणून ओरडलो. माणसाने टूल काढून दाखवलं, नवंकोरं. उगाच ओरडलो.

५ जानेवारी

अनुराधा दोन-तीन दिवस मावशींकडे राहायला गेली. हिरवी बॅग घेऊन. विचारलं, एवढी मोठी कशाला? "त्यांचं पांघरूण पातळ आहे," म्हणाली. बरं झालं. आमच्या घरातून कोणीतरी माफी मागायला हवीच होती, आणि ते तिला माझ्यापेक्षा बरं जमतं.

भात मी लावला. खाली करपला. घरभर वास.

७ जानेवारी

अनुराधाचा मेसेज, सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी.

"मी आणि मावशी खिदिरपूरच्या गोदीत जहाजात बसलो आहोत. साधं प्रवासी जहाज आहे, भरती आली की सुटेल. चौथ्या दिवशी पोर्ट ब्लेअर, तिथून लाँग आयलंडला सरकारी बोट असते. मावशींच्या गोळ्या घेतल्या आहेत. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही व्यवस्था केली असती."

उत्तर लिहायला घेतलं. पोर्ट ब्लेअरला माझा एक ओळखीचा माणूस आहे, जेट्टीवर गाडी घेऊन उभा राहील, चांगलं हॉटेल बघतो, डॉक्टरचा नंबर पाठवतो —

सगळं पुसलं. "बरं" एवढंच पाठवलं.